तेलसरांची भूल

औषधशास्त्राच्या सरांना ‘तेलसर’ हे नाव कुठल्या वर्गाने ठेवलं, ते कुणालाच सांगता येत नसे. पण ते असं काही चिकटलं होतं की स्टाफरूममधले त्यांच्या बरोबरीचे लोकही चुकून तेच बोलून जात आणि मग जीभ चावत. सरांना त्याचं काही वाटत नसे. दर वर्षी पहिल्या तासाला ते दोन बाटल्या घेऊन येत, एकीत पाणी, दुसरीत तेल. दोन्ही टेबलावर ठेवत आणि विचारत, “भूल कशी चढते?”

मग सर फळ्यावर नावं लिहीत. ईथर, क्लोरोफॉर्म, हसवणारा वायू, आणखी चारपाच.

“यांच्या रेणूंचे चेहरे बघा. एकाचं नाक दुसऱ्यासारखं नाही. कुणी लांबडा, कुणी बुटका, कुणी उगाच फुगलेला. तरी सगळे माणसाला झोपवतात. मग यांच्यात सारखं काय?” आणि ते तेलाची बाटली उचलून धरत. “हे! जो रेणू तेलात जास्त विरघळतो, तो कमी मात्रेत झोपवतो. मेंदूतल्या प्रत्येक पेशीभोवती तेलकट पापुद्रा असतो. औषध त्यात मुरतं, पापुद्रा ढिला पडतो, पेशी सुस्तावते. झालं.”

मग ते फळ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पट्टी न लावता, एक सरळ रेघ मारत. आडवं मोजमाप तेलात विरघळण्याचं, उभं भुलीच्या जोराचं. एकेक औषध त्या रेघेवर शहाण्या मुलासारखं जाऊन बसे. मुलं अवाक होत. पुढे निम्मी मुलं बाकी सगळं औषधशास्त्र विसरली असतील, पण ती रेघ कुणी विसरलं नाही.

अशाच एका वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा हात वर. “पण सर…” कुठल्याही गोष्टीला तिचं ‘पण सर’ असायचंच. सर वैतागून म्हणाले, “ही मुलगी नाही, हा चालताबोलता ‘पण’ आहे.” मुलांना एवढं पुरे होतं. ‘पण’ची ‘पणती’ व्हायला आठवडाही लागला नाही. सरांच्या बायकोनेही, म्हणजे काकूंनीही, तेच नाव उचललं. पणती डॉक्टर झाली, भूलतज्ज्ञ झाली, केस पांढरे व्हायला लागले, तिच्या हाताखालची माणसं तिला ‘मॅडम’ म्हणायला लागली, तरी त्या दोघांसाठी ती पणतीच राहिली.

संशोधनासाठी तिने सरांकडेच नाव घातलं होतं. कॉलेजच्या मागच्या बाजूला सरांची एक खोली होती. तिथे काचेच्या उथळ बशांमधून बेडूकमासे पोहत असत, शेपटी फुटलेले पण पाय न फुटलेले. पाण्यात औषध घालायचं, ते अंगात भिनेपर्यंत थांबायचं आणि मग काचेच्या कांडीने बेडूकमाशाला हळूच ढोसायचं. वळवळला तर जागा, नाही वळवळला तर झोपला. ताज्या पाण्यात सोडला की थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पोहायला लागे. सरांच्या रेघेवरचे कितीतरी ठिपके या बशांतून आले होते.

त्या काळात बाहेर वेगळी कुजबूज सुरू झाली होती. पेशीच्या तेलकट पापुद्र्यात प्रथिनांची बारीक दारं असतात, भूल बहुतेक त्या दारांवर काम करते, पापुद्र्याशी तिचा संबंध नाही, असं काही लोक म्हणू लागले होते. सर ते हसण्यावारी नेत. पण पणतीच्या डोक्यात एक किडा शिरला.

काही रेणूंना आरशातलं जुळं भावंड असतं. तेच अणू, तेच वजन, फरक फक्त उजव्या-डाव्याचा, हातमोज्यांच्या जोडीसारखा. तेलाला उजवं-डावं कळत नाही; दोन्ही जुळी त्यात अगदी सारखी विरघळतात. म्हणजे सरांचं खरं असेल, तर दोन्ही जुळ्यांनी सारखंच झोपवलं पाहिजे. पण औषधाला कुठल्यातरी ठरावीक आकाराच्या खोबणीत बसावं लागत असेल, तर एकच बसेल, दुसरं बाहेर राहील. उजवा मोजा डाव्या हातात चढत नाही तसं.

शिरेतून द्यायचं एक भुलीचं औषध होतं, त्याला असं जुळं होतं. वापरात उजवंच असे. डाव्याची एवढीशी बाटली पणतीने बरीच खटपट करून मिळवली. एका बशीत उजवं, एका बशीत डावं, मात्रा सारखीच. उजव्या बशीतले बेडूकमासे तळाशी जाऊन निजले. डाव्या बशीतले मजेत शेपट्या हलवत होते. तिने डाव्याची मात्रा दुप्पट केली, पाचपट केली, दसपट केली. ते पोहतच होते.

तिने सरांना बोलावलं. सर आले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, “तुझं डावं औषध पाण्यात नीट विरघळलेलं नाही.”

तिने तपासलं. विरघळलेलं होतं.

“मग बाटली नासकी असेल.”

तीही चांगली होती. मग सर म्हणाले, “तू बाहेर जा. बशा मी भरतो. कुठल्या बशीत काय, हे तुला सांगणार नाही.” त्यांनी बशा भरल्या, तिला आत बोलावलं, ती सांगत गेली, हा झोपला, हा जागा, हा जागा. मग उलट केलं. बशा तिने भरल्या आणि कांडी सरांनी हातात घेतली. त्यांनी एकेका बेडूकमाशाला ढोसलं. सगळं झाल्यावर त्यांनी कांडी धुतली, पुसली, जागेवर ठेवली, अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला.

“लिहून टाक,” ते म्हणाले.

“सर, तुमचं नाव पहिलं…”

“माझं नाव नको. तुझं काम आहे.” आणि ते घरी गेले.

त्यानंतर ते त्या खोलीत फारसे आलेच नाहीत. वर्गावर शिकवत राहिले, बाटल्या मात्र आणेनासे झाले. पणतीचा लेख छापून आला तेव्हा ती तो घेऊन त्यांच्या घरी गेली होती. सर अंगणात पाठमोरे वाकून माती उकरत होते. तिने फाटकातून हाक मारली नाही. लेख काकूंच्या हातात दिला, घाईत आहे असं सांगितलं आणि परत फिरली. पुढे वर्षं गेली. सर निवृत्त झाले. पणती एका मोठ्या रुग्णालयात भूल विभागाची प्रमुख झाली, वरच्या मजल्यावर तिने स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली. कुणाच्या लग्नात, कुणाच्या निरोपसमारंभात सरांची गाठ पडे. “कशी आहेस?” “बरी आहे, सर. तुम्ही?” एवढ्यावर दोघं थांबत. सर आपल्यावर रागावलेत हे तिने मनाशी धरून ठेवलं होतं, आणि त्यात त्यांचं काही चूक आहे असंही तिला वाटत नव्हतं.

एके दिवशी सकाळी काकू थेट रुग्णालयात उगवल्या. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीतून वाट काढत, कापडी पिशवी पोटाशी धरून, त्या पणतीच्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या.

“सापडलीस बाई एकदाची. इथे माणूस हरवलं तर सापडायचं नाही.”

“काकू! तुम्ही? बसा ना. सर…?”

“खाली आहेत. बाकावर बसवून आलेय. पित्ताशयात खडे झालेत. दोनदा ताप येऊन गेला, रात्र-रात्र कळा. सर्जन म्हणतात काढून टाकू. पण हृदय अर्ध्यानेच चालतंय म्हणे, त्यामुळे भूल जपून द्यावी लागेल. मी म्हटलं, मग हिच्याकडेच जाऊ.” काकूंनी जरा आवाज उतरवला. “खरं सांगायचं तर मी नाही म्हटलं. हेच म्हणाले. भूल द्यायची तर पणतीनेच, नाहीतर खडे राहू देत, म्हणाले.”

पणती उठली आणि काकूंच्या मागोमाग खाली गेली.

सर वाळले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती. पण नजर तीच, समोरच्याच्या डोक्यातलं अर्धवट उत्तर ओढून बाहेर काढणारी. तिने त्यांना तपासलं, हृदयाचे अहवाल बघितले, मान मागे टाकायला लावली, तोंड उघडायला लावलं, जिने चढताना धाप लागते का ते विचारलं.

“दुसऱ्या मजल्यावर लागते. त्याच्या वर मी जात नाही.”

“दात?”

“खालचे माझे, वरचे विकतचे.”

ऑपरेशनचा दिवस ठरला. आदल्या दिवशी सर दाखल झाले. दुपारी हातातली कामं उरकून पणती त्यांच्या खोलीत गेली. खिडकीजवळच्या खुर्चीत काकू सफरचंद चिरत बसल्या होत्या. सर पलंगावर उशीला टेकून होते. ती स्टूल ओढून बसते न बसते तोच त्यांनी विचारलं, “कुठलं देणार आहेस?”

“नेहमीचंच, सर. थोडं थोडं करत, हळूहळू. मग पुढे वायूवर ठेवीन.”

“नेहमीचं म्हणजे जे सगळ्यांना देता ते? त्याने रक्तदाब पडतो.”

“हळू दिलं तर फार नाही पडत.”

“फार नाही म्हणजे किती? माझं हृदय निम्म्यावर आलंय. अशा माणसाला झोपवायला सगळ्यात कमी धक्का देणारं औषध कुठलं?” सर आता उशीवरून सरळ झाले होते. तोंडी परीक्षा घ्यायला बसावेत तसे.

पणती खाली बघत म्हणाली, “ते आहे, सर. पण त्याने अॅड्रिनल ग्रंथी मंदावते.”

“एका डोसने?”

“एका डोसने दिवसभर.”

“त्याने माझं काय बिघडेल?”

“बहुतेक काही नाही.”

“मग?”

काकूंची सुरी थांबली. त्यांनी एकदा नवऱ्याकडे, एकदा पणतीकडे पाहिलं. “काय चाललंय तुमचं? मला कळेल असं बोला की जरा.”

“मी सांगतो,” सर म्हणाले. “ज्या औषधाच्या जुळ्यांनी माझी रेघ पुसली, तेच औषध माझ्या हृदयाला सगळ्यात चांगलं आहे. हिला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण ते मला दिलं तर म्हाताऱ्याला लागेल, म्हणून ही दुसरं देतेय. बरोबर?”

पणतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “सर, तसं अगदीच…”

“तसंच आहे. माझं मन सांभाळायला माझं हृदय पणाला लावणार तू? हे मी शिकवलं तुला?”

आवाज चढला नव्हता. सर वर्गातही कधी ओरडत नसत. त्यांचं हळू बोलणंच मागच्या बाकापर्यंत पोचायचं. पणतीला एकदम आपण दुसऱ्या बाकावर बसलोय असं वाटलं.

“चुकलं, सर. तेच देते.”

“हां,” सर म्हणाले आणि पुन्हा उशीला टेकले. “आता हिला समजावून सांग. लग्न झाल्यापासून ही माझं तेलच ऐकतेय. आता तुझं ऐकू दे.”

काकूंनी सफरचंदाची बशी तिच्यापुढे सरकवली. “सांग बाई. मी तेलाचे डाग काढून काढून थकले.”

पणती हसली आणि तिचा अवघडलेपणा थोडा सैल झाला. “काकू, मेंदूतली प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशींचं ऐकत असते. काही तिला सांगतात, बोल. काही सांगतात, गप्प बस. ‘गप्प बस’ हा निरोप एक रसायन घेऊन येतं, त्याचं नाव गाबा. पेशीच्या अंगावर त्याच्यासाठी प्रथिनाचं एक कुलूप असतं. आम्ही त्याला रिसेप्टर म्हणतो. त्या कुलपाच्या पोटातूनच एक दार जातं. गाबा येऊन बसला की दार उघडतं आणि बाहेरचे क्लोराइडचे कण आत शिरतात. मिठात असतात ना, तेच. त्यांच्यावर उणे विद्युतभार असतो. ते आत आले की पेशीला बोलायची इच्छा राहत नाही. मग दार लगेच मिटतं.”

“आणि तुझं औषध?”

“ते दाराच्या बाजूच्या एका खोबणीत जाऊन बसतं. मग गाबा आला की दार उघडं राहतं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. पेशीमागून पेशी गप्प होत जाते.”

“म्हणजे दाराला पाचर मारायची.”

“अगदी तशीच. फक्त ती पाचर उजव्या हाताचीच लागते. डावी त्या खोबणीत नीट बसत नाही.”

काकूंनी मान डोलावली. “हे कळलं मला. तेलाचं कधी कळलं नव्हतं.”

“तेव्हा कळलं म्हणत होतीस!” सर म्हणाले.

“नवीन लग्न होतं. काय म्हणणार?”

सरांना हसू आलं, हसताना पोटात कळ आली आणि त्यांनी तिथे हात दाबून धरला. ती ओसरल्यावर ते पणतीकडे वळले. परीक्षा संपलेली नव्हती. “सगळीच औषधं त्याच कुलपात बसतात?”

“नाही, सर. काही उलट बाजूने काम करतात, ‘बोल’ म्हणणाऱ्या रिसेप्टरचं तोंड बंद करतात. वायूंचा तर एका ठिकाणी पाय टिकत नाही. ते गाबाच्या दारालाही हात लावतात आणि पोटॅशियमची दारंही उघडतात. पोटॅशियम बाहेर झिरपलं की पेशी आणखी थंडावते.”

“आणि हे सगळं झालं की माणूस कुठे जातो?”

“म्हणजे?”

“दारं उघडली, मिटली, क्लोराइड आत आलं. कबूल. पण मी कुठे जातो? उद्या तू औषध दिल्यावर?”

“ते मला माहीत नाही, सर. अजून कुणालाच नीट माहीत नाही.”

सर खूश झाले. त्यांनी चक्क मांडीवर थाप मारली. “हे उत्तर बरोबर. दारापर्यंत तू पोचलीस. मी अंगणातच तेल शिंपडत बसलो होतो. पण घरात अजून कुणी शिरलेलं नाही.”

नर्स आली, सरांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेऊन गेली. पणतीने तोंडातलं सफरचंद गिळलं. विचारावं की विचारू नये असं करत शेवटी तिने विचारलं, “सर, तेव्हा तुम्हाला फार वाईट वाटलं का?”

“वाटलं,” सर म्हणाले. “खूप वाटलं. खोटं कशाला बोलू? तीस वर्षं एक रेघ मारायची आणि एका दुपारी ती… बरं, तूही काही वाईट हेतूने केलं नव्हतंस. मीच तर कांडी धरली होती. त्यामुळे चिडायचं तरी कुणावर? बेडूकमाशांवर? घरी येऊन माती उकरत बसायचो.”

“त्या वर्षी टोमॅटो काय आले होते!” काकू म्हणाल्या. “शेजारीपाजारी वाटून संपेनात.”

“मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात.”

“रागावलोच होतो.”

“म्हणून मी आले नाही.”

“हे काय कारण झालं? रागावलो होतो म्हणून काय तू यायचंच नाही? राग आपला येतो, जातो. तू लेख काकूंच्या हातात देऊन पळालीस, ते मी बघितलं होतं. मला वाटलं, हिला आता म्हाताऱ्याची गरज राहिली नाही.”

“सर!”

“मग मलाही राग आला. आधीचा निराळा, हा निराळा.”

“दोघंही सारखीच,” काकू उठत म्हणाल्या आणि सालं गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकून आल्या. “एक फाटकाच्या आत, एक फाटकाच्या बाहेर. मी मध्ये. उद्याचं बघा आता. आणि पणती, यांच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव गं.”

“तेल नको म्हणावं,” सर म्हणाले. “हिचा त्यावर विश्वास नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये सरांना टेबलावर घेतलं. हिरव्या चादरीखाली ते आणखीच लहान दिसत होते. छातीला तारा, बोटाला चिमटा, दंडाला पट्टा. मॉनिटरची टिकटिक सुरू झाली. सर्जन हात धुवत होते. पणतीने सरांच्या मनगटातली सलाइनची सुई पुन्हा एकदा तपासली आणि सिरिंज हातात घेतली. आतलं औषध दुधासारखं पांढरं होतं.

सरांनी मान वळवून पाहिलं. “हे असं पांढरं का?”

“औषध पाण्यात नीट विरघळत नाही, सर. म्हणून…” ती थांबली.

“म्हणून?”

“तेलात विरघळवून देतात. तेलाचे बारीक थेंब आहेत.”

सर आधी नुसते बघत राहिले, मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसण्याने मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी उड्या मारू लागली, तशी सिस्टर दचकून पुढे आली. “काही नाही, काही नाही,” सर म्हणाले. “शेवटी तेल लागलंच की नाही? दे, दे आता.”

पणतीने त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला आणि औषध हळूहळू आत सोडलं. “हात जरा चुरचुरेल, सर.”

“चुरचुरतोय. आता बघ, मी मोजतो किती वेळ मला… बशीतला बेडूकमासा…”

वाक्य तिथेच राहिलं. सरांच्या दंडाचे स्नायू दोनतीनदा आपोआप उडाले. या औषधाने तसं होतं, तिला माहीत होतं, तरी तिने नकळत दुसऱ्या हाताने त्यांचा दंड धरला. मग हात सैल पडला. तिने पापणीला बोट लावून पाहिलं. पापणी हलली नाही. हजारो माणसं तिने अशी झोपवली होती. त्या वेळी तिचं लक्ष आकड्यांवर असायचं. आज आकड्यांवर होतंच, पण शिवाय त्या चेहऱ्यावरही होतं. आत्ता कुठेतरी आत दारं उघडी राहत होती, आणि सर कुठेच नव्हते.

रक्तदाब जागेवरून फारसा हलला नाही. तिने श्वासनळीत नळी घातली, वायू सुरू केला आणि सर्जनना मान हलवून सांगितलं, करा सुरू.

पोटात दुर्बीण घालण्याआधी पोट वायूने फुगवावं लागतं. ते फुगत असताना मॉनिटरची टिकटिक मंदावली. आधी थोडी, मग बरीच.

“थांबा,” पणती म्हणाली. “वायू सोडून द्या. सगळा.”

सर्जन थांबले. त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही. झडप उघडली आणि फुगलेलं पोट सुस्कारा सोडल्यासारखं खाली बसलं. पणतीने तयार ठेवलेलं इंजेक्शन दिलं. टिकटिक दोन ठोक्यांमध्ये इतकी अडखळत होती की सगळी खोली पुढच्या ठोक्याची वाट बघत होती. मग ठोके जवळ जवळ यायला लागले. सिस्टरने सोडलेला श्वास मास्कमधूनही ऐकू आला.

“पोटाचा पडदा ताणला की काही हृदयं अशी रुसतात,” पणती म्हणाली. “आता हळूहळू भरा. कमी दाबावर भागेल?”

“भागवू,” सर्जन म्हणाले.

त्यांनी भागवलं. पित्ताशय निघालं, सुजून जाड झालेलं, आत खडे खच्चून भरलेले. पुढे काही झालं नाही. पणतीने भुलीचा वायू बंद केला आणि सरांच्या कानाशी वाकली.

“सर, डोळे उघडा.”

डोळे उघडले नाहीत. जरा वेळाने कपाळावर आठी आली. नळी काढल्यावर ते खोकले आणि घोगऱ्या आवाजात, अगदी चिडून म्हणाले, “पेपर अजून गोळा केले नाहीत?”

“करतोय, सर.”

“मागच्या बाकावरचे बघ. कॉप्या करतात.”

बाहेर काकू बाकाच्या अगदी टोकावर बसल्या होत्या, पिशवी तशीच पोटाशी. पणती थिएटरच्या कपड्यांतच बाहेर आली आणि म्हणाली, “झालं काकू. जागे झाले. परीक्षा घेतायत.” काकूंचा जीव भांड्यात पडला. त्या आधी हसल्या आणि मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “कुणाची?”

दुपारभर सरांना मळमळत होतं आणि ते सगळ्यांवर वैतागले होते, सिस्टरवर, उशीवर, काकूंनी पुढे केलेल्या पाण्याच्या भांड्यावर. संध्याकाळपर्यंत उतरलं. आपण पेपर गोळा करायला सांगितले हे त्यांना अजिबात आठवत नव्हतं. हृदयाने वाटेत केलेला रुसवा पणतीने त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितला. ते लक्ष देऊन ऐकत होते, दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तसे. “आणि मी कुठे होतो, ते मलाही सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “झोपेतून उठलं की वेळ गेल्यासारखं वाटतं. इथे वेळच नव्हता. तुझं वाक्य आणि खोकला, एकाला लागून एक. हे लिहून ठेवण्यासारखं आहे, पण लिहिणार काय?”

घरी गेल्यावर त्यांना अंगात ताकद यायला बरेच दिवस लागले. पणती अधूनमधून जाऊ लागली. फाटक उघडून सरळ आत जायची. कधी सर अंगणात असत, कधी झोपलेले, मग ती काकूंशी गप्पा मारून परत येई. एकदा ती म्हणाली, “सर, माझ्या प्रयोगशाळेत येता का? लिफ्ट आहे. जिने चढावे लागणार नाहीत.”

सर आले. काकूही आल्या, त्यांना पुढे बाजारात जायचं होतं. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, पडदे ओढलेले, मधोमध दगडी फळीवर सूक्ष्मदर्शक. जरासुद्धा हादरा बसू नये म्हणून फळी हवेच्या उशांवर ठेवलेली होती. पणतीने सरांना पडद्यासमोर बसवलं.

“काचेची नळी आहे, सर. टोक इतकं बारीक की डोळ्याला दिसत नाही. ते एका पेशीच्या अंगाला लावून जरासं ओढून धरलंय. पापुद्र्याचा तेवढाच तुकडा टोकात आलाय. नशिबाने त्यात एकच रिसेप्टर आहे.”

“एकच?”

“एकच रेणू.”

पडद्यावर एक रेघ चालली होती, थोडी थरथरत. मग ती पायरी उतरावी तशी एकदम खाली आली, क्षणभर तिथेच राहिली आणि पुन्हा वर गेली. पुन्हा खाली. पुन्हा वर. मध्ये पायरी नव्हतीच. एकतर वर, नाहीतर खाली.

“हे…” सरांनी बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

“दार उघडलं की खाली. मिटलं की वर. आत्ताचं आहे हे, सर. आत्ता चाललंय.”

सर खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पणतीने बाजूच्या बारीक नळीतून औषधाचा प्रवाह सोडला. जरा वेळ काही झालं नाही. मग रेघ खाली आली आणि लगेच वर जायची ती गेली नाही. तिथेच रेंगाळली. मध्ये किंचित थरथरून पुन्हा तिथेच राहिली. सरांचा श्वासही तिच्याबरोबर थांबल्यासारखा झाला होता.

“मी हे फक्त छापलेलं बघितलं होतं,” ते म्हणाले. “छापलेली रेघ हलत नाही.”

“सर, माझ्याकडे भूल शिकायला येणाऱ्या मुलांसाठी एकदा तुमचा पहिला तास घ्याल? दोन बाटल्यांचा?”

“चुकीचा तास?”

“तो घेतल्याशिवाय त्यांना याची गंमत कळत नाही. मी सांगून बघितलं. नुसतं दार सांगितलं की ते वहीत उतरवून घेतात आणि झोपतात.”

“बघू,” सर म्हणाले, पण त्यांचं लक्ष पडद्यावरच होतं.

काकू दाराशी उभ्या होत्या. “अहो, बाजार उठेल. किती वेळ बघणार एकच रेघ?”

सरांनी मागे न बघता हाताने चाचपून शेजारचं स्टूल ओढलं. “ये, बस इथे. काही बोलू नकोस. हे बघ, मिटलं. आता थांब हं… उघडलं.”

काकूंनी पिशवी खाली ठेवली, चष्मा शोधला आणि त्या स्टुलावर येऊन बसल्या.

“कुठे?” त्या म्हणाल्या. “हां. दिसलं.”